दोरीचा वाटा

मी डिचोलीची आहे असं गोव्याबाहेरच्या कोणाला कळलं, की दोन मिनिटांत तो प्रश्न येतोच. "मॅडम, गोव्यात स्वस्तात चांगलं जेवायला कुठे मिळतं हो?" जसं काही मी शाळेतली नोकरी सोडून आयुष्यभर खानावळी मोजत हिंडले! पूर्वी मी चिडायचे. आता "म्हापशाला चौकशी करा" म्हणून वाटेला लावते. माझ्याकडे त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, आणि ते केरीच्या मथुराकाकीबरोबर गेलं.

गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. ही पेडण्याची केरी, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथली. पलीकडच्या काठावर गोव्याचाच चिमुकला तुकडा, त्यापुढे सिंधुदुर्ग. काकीचं माहेर नदीपलीकडे आरोंद्याला, त्यामुळे बोली शेवटपर्यंत मालवणी राहिली. कोकणी तिला सगळी समजायची, पण बोलायची नाही. "माका एकच जीभ असा," म्हणायची.

आमच्या डिचोलीकडच्या लोकांमध्ये मे महिन्यात खाऱ्या पाण्याची न्हाणी करायची पद्धत आहे. अंग दुखणाऱ्या, सांधे धरलेल्या माणसांना घेऊन समुद्राकाठी जाऊन राहायचं आणि सात, नऊ, नाहीतर अकरा दिवस रोज समुद्रात न्हायचं. आकडा विषमच हवा, का ते विचारायचं नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले होते. सगळा जन्म लाटंबार्शात गेलेला, पावसाळ्यात शेतात वाकून लावणी आणि उन्हाळ्यात डोंगरावर काजू गोळा करणं. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. पावसाआधी माल बंदरावर पोचवायची घाई, त्याला सुट्टी कुठली! शाळेला सुट्टी होती ती मला. तेव्हा लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि आमचं दोघींचं पटत नव्हतं, हे लपवण्यासारखं काही नाही. तरी तीन बस बदलून मी त्यांना केरीला घेऊन गेले. बरोबर उकडे तांदूळ, सोलं, थोडे काजू. पैसे बेताचेच. खोलीचं भाडं दिलं की परतीच्या तिकिटापुरते उरणार होते.

सुरूच्या झाडांमागे काकीचं मातीच्या भिंतीचं घर होतं. मे महिन्यात ती दोन खोल्या न्हाणीवाल्यांना द्यायची. दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, ही घरची मालकीण नसणार. बुटकी, काळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि हात बाईचे वाटतच नव्हते. आधी तिने आमच्या पिशवीत हात घालून मूठभर तांदूळ नाकाशी नेले.

"तांदूळ बरे असत," ती म्हणाली. "खोलीचा भाडा दिया. जेवणाचे पैशे मी घेणय नाय. तांदूळ तुमचे, नारळ माझे, मासो दर्याचो. सकाळी रापणीर येवा."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात, त्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर आणतात, आणि माणसं दोन रांगा करून तास-दीड तास ओढत बसतात. जो दोरीला हात लावतो त्याला शेवटी मूठभर मासळीचा वाटा मिळतो. हे मला माहीत होतं. पण आम्ही का ओढायची?

"आम्ही न्हाणीसाठी आलोय," मी म्हटलं. "रापण ओढायला नाही."

"मगे पेज खावा," काकी म्हणाली आणि आत गेली.

मी तेव्हाच निघाले असते. पण सासूबाई पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांना उठवायला मला दहा मिनिटं लागणार होती. म्हणून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "मी पण येतंय." मी म्हटलं, आई, तुम्हाला वाळूत चालवत नाही, तुम्ही काय येताय? तर म्हणतात, "आयता मी कोणाच्या घरात जेवूक नाय." हट्ट म्हणजे हट्ट. त्यांना धरून किनाऱ्यावर नेईपर्यंत माझा जीव गेला. तिथे त्या पाय पसरून वाळूत बसल्या. मी रांगेत शिरले. काथ्याची ओली दोरी, खारट, जाड. पाच मिनिटांत तळवे पेटले.

रांगेच्या शेवटी काकी होती. ओढलेली दोरी मागे साचत जाते, ती गुंडाळत ठेवणारा शेवटचा माणूस. तेवढ्यात ती उठली, दोरीचं शेपूट ओढत सासूबाईंपाशी नेलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"धर," म्हणाली. "ओढू नको, नुसती धर."

सासूबाईंनी धरली. मी पुढे होते, मला परत वळून बघायला सवड नव्हती.

मेमध्ये रापणीला फार काही मिळत नाही. त्या दिवशी पेडवे, तारले आणि थोडे बांगडे आले. पांडू तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, एकेकाच्या पुढ्यात वाळूवर वाटा टाकत गेला. सासूबाईंपुढे थबकला, त्यांच्याकडे बघितलं, मग काकीकडे बघितलं, आणि त्यांच्या पदरात चार बांगडे टाकले. माझ्या वाट्याला तीनच आले होते. मला राग आला, खोटं कशाला बोलू!

दुपारी पानं मांडली. आम्ही बसलो तर काकी पळी हातात घेऊन समोर उभी. "हात दाखवा."

मी शिक्षिका. रोज सकाळी साठ पोरांची नखं तपासणारी. आणि ही बाई माझे हात तपासते! मी रागाने तळवे पुढे केले. काकीने ते पाहिले, मान हलवली. मग सासूबाईंचा उजवा हात घेतला, दाराच्या उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग वाढायला बसली. सासूबाईंच्या पानात पहिला बांगडा पडला, डोक्यासकट, पोटात गाभोळी असलेला.

त्या जेवणाचं मी काय सांगू? बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, त्यात तिरफळं ठेचून घातलेली, पेडव्यांचं आमसुलाचं सुकं, आमच्याच तांदळाचा भात आणि सोलांची कढी. तेल म्हणाल तर तव्याला पुसण्यापुरतं. मसाला म्हणाल तर मिरची, हळद, धणे आणि खोबरं, तेही मीच आडाळीवर बसून खोवलेलं. मी तीनदा भात घेतला. माझ्या लग्नातलं जेवण इतकं चांगलं नव्हतं, आणि हे मी सासूबाईंसमोर बोलून गेले. त्या हसल्या. त्याआधी त्या मला बघून कधी हसल्याचं मला आठवत नाही.

नऊ दिवसांत ताटात एकच गोष्ट दोनदा आली नाही, आणि एक शीतसुद्धा वाया गेलं नाही. रात्री उरलेलं हुमण ती मातीच्या भांड्यात ठेवायची. सकाळी ते मंद आचेवर आटवून घट्ट केलं की आम्ही म्हणतो ती काल्ची कडी व्हायची. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला की त्याच्याकडून उंडे घ्यायचे, ते पाव त्या कडीत बुडवून खायचे. वाटा मोठा मिळाला तर जादाचे मासे मीठ लावून छपरावर वाळत. सकाळी रापण रिकामी आली तर दुपारी तेच सुके बांगडे भाजून, चुरून, कांदा-खोबरं घालून किसमूर. सोमवारी शिवराक, म्हणजे बिनमाशाचं, त्या दिवशी पिकलेल्या घोटांचं सासव. ते आंबे आम्हीच मागच्या डोंगरावरून वेचून आणलेले. तिच्या घरी जेवणारा कोणी रिकाम्या हाताने पाटावर बसला नाही. "दर्यो आयत्याक वळखीत नाय," ती म्हणायची. स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायची, आणि जेवायच्या आधी स्वतःचेही तळवे एकदा बघायची. मला तो तिचा देवाला नमस्कार करायचा प्रकार वाटायचा.

सासूबाई मात्र त्या पहिल्या दिवसापासून विचित्र वागत होत्या. उजवा हात पदराखाली. न्हायला पाण्यात उतरताना माझा हात धरायच्या नाहीत, म्हणायच्या, "मनगटाक धर." तांब्या उचलायचा तर डाव्या हाताने. मला वाटलं, नखरे. मनात म्हटलं, गुडघे दुखतात तर हाताचं काय सोंग? पण भांडण नको म्हणून गप्प राहिले. शेवटच्या दोन दिवसांत त्या आपल्या पानातला मधला तुकडा माझ्या पानात टाकायला लागल्या, आणि मी तो निमूटपणे खाल्ला.

काकीची गोष्ट मला पांडू तांडेलाने सांगितली. रापण यायची वाट बघत वाळूत बसलो होतो तेव्हा. तिचा नवरा त्याच्याच रापणीवर होता. तापात गेला, पदरी मूलबाळ नाही. रापणकारांनी ठरवलं, मेलेल्याचा वाटा विधवेला द्यायचा. पाटी तिच्या दारात ठेवून आले. काकीने ती परत आणून होडीत ओतली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत तेच. मासा तर घरात शिजत नव्हता, पेजेवर दिवस काढत होती. चौथ्या दिवशी काष्टा मारून किनाऱ्यावर आली आणि दोरीच्या शेपटाला बसली.

"मियां तिका सांगलंय," पांडू म्हणाला, "काकी, बायलमाणसान दोरी धरली तर रापण रिकामी येता. तर माका म्हणता कशी, 'मगे बायलमाणसान जेवचा पण नाय?' आता हेका काय सांगतलास?"

मी विचारलं, मग त्या दिवशी रापण रिकामी आली?

"भरान इली," पांडू म्हणाला. "गाव सगळो बघूक जमललो."

मी हे काकीला सांगितलं तर ती फिस्कारली. "भरान खंयची? पेडव्यांचो कचरो इललो. हे सगळे खोटारडे. पण वाटो दिल्यानी माका. माझो." ते "माझो" ती ज्या तऱ्हेने म्हणाली, ते मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर आम्ही दरवर्षी जायला लागलो. सासूबाई असेपर्यंत त्यांना घेऊन, त्या गेल्यावर मी आणि नवरा. खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला, घरात बोलणंसुद्धा कमी झालं, तेव्हाही मे महिन्यात काकीकडे गेलो. आमच्या ऐपतीत दुसरी कुठली सुट्टी बसतच नव्हती. एरवी काकीचे नारळ सोलणाऱ्या नवऱ्याने त्या वर्षी पहिल्यांदा दोरी ओढली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर जेवला. निघताना काकीने सुक्या बांगड्यांची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. मी म्हटलं, काकी, हे फुकटचं. तर म्हणाली, "तुझ्या घोवाच्या हातांका इचार, फुकटचा की नाय ता."

एकदा पुण्याचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुली. आदल्या तीन दिवसांत समुद्रकाठच्या हॉटेलांत सगळे पैसे खाऊन बसले होते, आणि अजून दोन दिवस काढायचे होते. कोणी तरी काकीचं नाव सांगितलं. गृहस्थ जरा मोठ्या आवाजाचे. अंगणात मासे वाळत होते ते बघून म्हणाले, "आजी, यातले चार द्या. पैसे देतो."

"वाटो इकुचो नसता," काकी म्हणाली.

"बरं, मग असेच द्या," ते हसून म्हणाले. बायकोही हसली.

काकी हसली नाही. "माझ्या घोवाचो वाटो मी फुकट घेवक नाय, तो परत केलंय. तुका फुकटचो खंयसून देव?"

ते ओशाळले. पण काकीने त्यांना उपाशी ठेवलं नाही. चौघांना पेज वाढली, वर मिठात चेपलेली कैरी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. मुलींनी तीन-तीन वाट्या पेज प्यायली. गृहस्थांनी कैरी चोखता चोखता विचारलं, "रापण किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी ते आले, बूट घालून. बूट वाळूत रुतले तेव्हा काढून फेकले. दीड तास ओढली त्यांनी दोरी, आणि दुपारी पाटावर बसल्याबरोबर कोणी सांगायच्या आधी दोन्ही तळवे पुढे केले. कित्येक दिवाळ्या त्यांचं काकीला पत्र यायचं. ते मी मे महिन्यात गेले की वाचून दाखवायचे.

पुढे सगळं बदललं, त्याचं रडगाणं गाण्यात अर्थ नाही. मोठ्या यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळची मासळी ओढून न्यायला लागल्या, रापण महिन्यात चार-पाचदा पडायची, मग वर्षात चार-पाचदा. काकीचा पुतण्या विश्राम तिच्याकडेच वाढलेला. त्याने घर पाडून सिमेंटचं बांधलं, वर खोल्या काढल्या. मोपाच्या पठारावर विमानं उतरायला लागली तेव्हा त्याच्याकडे गिऱ्हाईक वाढलं. विश्राम वाईट नव्हे. काकीला मागची हवेशीर खोली दिली, औषधपाणी बघायचा. त्याची बायको तर तिला आईसारखी जपायची. पण काकीची बोटं आखडली होती. मूठ वळत नव्हती.

आणि काकीने मासा सोडला.

आमचं जाणं दोन-तीन वर्षं राहिलं होतं, विश्रामनेच फोन करून मला सांगितलं. दोन वर्षं झाली, म्हणाला, पेज आणि कैरी, पेज आणि कैरी, हाडं दिसायला लागलीत. डॉक्टर म्हणतो, मासे द्या. ती तोंड फिरवते. म्हणते, हात लागला नाही. "बाई, तुझा ऐकात ती. तू ये."

मी तोपर्यंत निवृत्त झाले होते. म्हापशाच्या बाजारातून चांगले बांगडे घेतले. बर्फातले होते, ते धुतले. आणि मग, सांगायला लाज वाटते, केरीच्या किनाऱ्यावर थांबून त्यांना वाळू फासली आणि केळीच्या पानात बांधले. तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं त्या बाईने हे केलं.

काकी खाटेवर बसली होती. अर्धी राहिली होती. मी म्हटलं, "काकी, आज रापण पडली. मी ओढली. तुझ्या नावाने पण ओढली. हा आपला दोघींचा वाटा."

ती हसली. "खरा?" म्हणाली. मग हात पुढे केला. "हात दाखव."

तिला नीट दिसत नव्हतं. तिने माझा तळवा हातात घेतला आणि आपल्या वाकड्या बोटांनी हळूहळू चाचपला. खडू धरणारा, गुळगुळीत हात. काकीने हात सोडला आणि विश्रामच्या बायकोला हाक मारली. "बांगडे कर गो. तिरफळां घाल. बाई लांबसून इल्ली असा, तिका जेवक वाढ."

मला एकटीला वाढलं. काकी समोर पेज पीत बसली. मी दोन घास खाल्ले. शेवटी माझा तोल गेला. मी म्हटलं, "पुरे झाला हा हट्ट! मरायचंय का तुला? माझ्या सासूबाईंनी कुठे ओढली होती दोरी? नुसती धरून बसल्या होत्या वाळूत. तूच म्हणालीस, ओढू नको, नुसती धर. तरी वाढलंस ना त्यांना? माझ्याआधी वाढलंस! मग तुझ्यापुरताच हा नियम का?"

काकीने वाटी खाली ठेवली.

"तुका कोणी सांगल्यान, तिणा नुसती धरलली म्हणान?"

"म्हणजे?"

"तिच्या हाताची साल गेलली गो. हय, बोटांच्या मुळाक. रगात इललां. मी सांगलंय नुसती धर, आणि ती बसल्या जाग्यार ओढीत रवली, दीड तास. माका म्हणाली, सुनेक सांगू नको, ती मगे माका हय परत आणूची नाय. म्हणान वाढलंय."

मी जेवता जेवता थांबले. पदराखालचा हात. मनगटाला धर. डाव्या हाताने उचललेला तांब्या. नऊ दिवस मी त्याला नखरे म्हणत होते. खाऱ्या पाण्यात त्या फुटलेल्या हाताने त्या नऊ वेळा उतरल्या होत्या, आणि शेवटी आपल्या पानातला तुकडा माझ्या पानात टाकत होत्या. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली होती. मी त्या दिवशी काकीच्या खोलीत बसून रडले, आधी सासूबाईंसाठी आणि मग स्वतःच्या तोंडाळपणासाठी.

काकीने रडू दिलं. मग म्हणाली, "माझ्यान आता जमाचा नाय. मूठ वळणा नाय. म्हणान मी खाणंय नाय. इतक्याच असा ता. रागान नाय."

मी डोळे पुसले. "नारळी पौर्णिमा झाल्यावर रापण पडेल तेव्हा मी येते," म्हटलं. "तोपर्यंत मरू नको."

"बघतंय," काकी म्हणाली.

ती थांबली. नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी विश्रामचा फोन आला. मी आदल्या संध्याकाळीच जाऊन राहिले. सकाळी विश्रामने हॉटेलातली प्लॅस्टिकची खुर्ची किनाऱ्यावर नेऊन ठेवली आणि काकीला उचलून त्यात बसवलं. ती कुरकुरत होती, माका मढा उचलल्यासारखा नेतंस म्हणून. पांडू तांडेल केव्हाच गेला होता. त्याचा मुलगा सदा आता रापण बघत होता. त्याने काकीला वाकून नमस्कार केला. तिने त्याला विचारलं, "होडी पुरी पुढे नेलंस काय? तुझो बापूस अर्ध्यातसून वळवी." सदा हसला. म्हणाला, नेली काकी.

माणसं कमी होती. दोन-चार पर्यटकही लागले, फोटो काढून झाल्यावर. मी दोरीचं शेपूट ओढत काकीपाशी नेलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिची आखडलेली बोटं एकेक करून दोरीभोवती बसवली.

"धर," मी म्हटलं. "ओढू नको, नुसती धर."

तिने माझ्याकडे मान वर केली. "माकाच माझा शिकयतंस?"

मी रांगेत पुढे जाऊन उभी राहिले. माझं वय काही दोरी ओढायचं नव्हतं. पण ओढली. तळवे पेटले, कंबर धरली, तरी ओढली. मागे वळून बघितलं नाही, बघायला सवड नव्हती. रापण आली ती ना भरून ना रिकामी. चांदीसारखे बांगडे होते, बेताचे. सदाने पहिला वाटा काकीच्या पायांशी टाकला. पाच बांगडे होते. त्याने ते मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "हो मथुराकाकीचो."

काकी घरी येईपर्यंत डोळे मिटून होती. दमली असेल, मला वाटलं. तिचा उजवा हात पदराखाली होता.

विश्रामच्या बायकोने हुमण केलं, तिरफळं घालून. काकीला पाटावर बसवत नव्हतं, म्हणून खाटेवरच ताट दिलं. भात वाढला. मी पळी घेऊन समोर उभी राहिले. काकीने ताटाला हात लावला नाही. मनात म्हटलं, झालं, आजही नाही. त्या मार्गशीर्षात ती गेली. या दिवसानंतर मी तिला जिवंत पाहिलं नाही, म्हणून तो क्षण मला अगदी सगळा आठवतो. खिडकीतून ऊन येत होतं. वरच्या खोलीत कुणाचं तरी पोर रडत होतं. हुमणाची वाफ निघत होती.

काकीने पदराखालून हात काढला आणि माझ्यापुढे धरला. बोटं पुरती उघडत नव्हती, ती तिने डाव्या हाताने उघडली. बोटांच्या मुळाशी साल गेली होती. तळव्यावर काथ्याचा लाल, ओला वळ होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बघ," ती म्हणाली. "मगे वाढ."